रस्ता कोणाचा? गुरुग्रामच्या रहिवाशांनी विचारलेला प्रश्न

३० डिसेंबर १८०३ रोजी आजच्या अमरावती जिल्ह्यातील सुर्जी-अंजनगाव येथे दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या प्रकरणात हा तह एखाद-दुसऱ्या ओळीत येतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो. या तहान्वये शिंद्यांनी दिल्ली-आग्र्याकडचा जो मुलूख कंपनीच्या हवाली केला, त्यात दिल्लीच्या नैर्ऋत्येस, अरवलीच्या उतारावर वसलेला गुडगावचा बराचसा प्रदेश होता. शेजारचा झारसा परगणा बेगम समरूकडे होता. १८३६ मध्ये तिचे निधन झाल्यावर तोही इंग्रजी अमलाखाली आला. वऱ्हाडातल्या एका गावी झालेल्या सहीमुळे ज्या भूमीचे राज्य बदलले, तेथे आज कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त राहतात. ती उंच इमारतींत राहतात, भाद्रपदात गणपती बसवतात आणि सकाळी मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला फाटकाबाहेर येतात. फाटकाबाहेरचे ते पन्नास-शंभर पावलांचे अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

गुरुग्राम हे नाव कागदोपत्री २०१६ मध्ये आले. गुरू द्रोणाचार्यांना मिळालेले गाव अशी त्यामागची आख्यायिका आहे. लोकांच्या बोलण्यात जुने नाव अजून टिकून आहे, आणि जुने गावही. रेल्वे स्थानकाच्या अलीकडे सदर बाजार, जेकबपुरा, रोशनपुरा या वस्त्यांत गेले की उत्तर हिंदुस्थानातील कोणत्याही जिल्ह्याच्या गावी भेटावा तसा रस्ता भेटतो. खाली दुकान, वर घर, दुकानापुढे पायरी, पायरीवर बसलेला कोणीतरी म्हातारा. चैत्रात शीतला मातेच्या यात्रेला आणि एरवीही मुलांचे जावळ काढायला लांबलांबून माणसे येतात, तेव्हा या वस्त्यांतून पाय ठेवायला जागा नसते. हे रस्ते स्वच्छ वा सुरेख आहेत असे कोणी म्हणणार नाही. उघडी गटारे, डोक्यावर लोंबणाऱ्या तारा, वाट काढणाऱ्या दुचाक्या हे सारे तेथे आहे. तरीही तेथे लहान मूल चुकले तर पाच मिनिटांत कोणीतरी त्याला हाताला धरून घरी आणून सोडते, कारण रस्त्यावर कोणीतरी सतत असते आणि ते मूल कोणाचे हे त्याला ठाऊक असते.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य झाले तेव्हा गुडगाव एवढेच होते. १९७१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सत्तावन्न हजारांच्या आसपास भरली. पुढच्या चाळीस वर्षांत जे घडले त्याला भारतीय नगरांच्या इतिहासात फारशी तोड नाही. २०११ मध्ये महापालिका हद्दीतच पावणेनऊ लाख लोक मोजले गेले. या वाढीची बीजे दोन. पहिले बीज १९७५ चा नगरविकास कायदा. या कायद्याने खासगी विकासकाला परवाना घेऊन शेतजमिनीवर संपूर्ण वसाहत उभारण्याची मुभा दिली. दुसरे बीज मारुतीचा कारखाना. तेथून १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार बाहेर पडली आणि तिच्या किल्ल्या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला दिल्या गेल्या. मध्यमवर्गीय भारतीयाला मोटार देणारे शहर पुढे मोटारीसाठीच बांधले जावे, यात एक प्रकारची सुसंगती आहे.

या वाढीत एक गोष्ट सर्वांत उशिरा आली, ती म्हणजे नगराची स्वतःची महापालिका. तिची स्थापना २००८ ची आणि पहिली निवडणूक २०११ ची. तोवर काही सेक्टर सरकारी विकास प्राधिकरणाचे, काही वसाहती खासगी विकासकांच्या, मध्येच जुनी खेडी आणि या सर्वांना जोडणारे रस्ते आणखी कोणाचे तरी, अशी वाटणी होती. वसाहतीतला रस्ता विकासकाने पालिकेकडे सोपवायचा की नाही, कोणत्या अवस्थेत सोपवायचा, यावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालत. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर तक्रार कोणाकडे करावी हा रहिवाशाचा पहिला प्रश्न असे. दिवा कधी लागेल हा त्यानंतरचा. महापालिका स्थापन झाली त्याच वर्षी, जानेवारी २००८ मध्ये, दिल्ली-गुडगाव द्रुतगती मार्ग खुला झाला. सुमारे २८ किलोमीटरच्या या मार्गाने मोटारींची सोय झाली, परंतु शहराचे दोन तुकडे झाले. एका बाजूस राहणारा कामगार दुसऱ्या बाजूच्या कारखान्यात पायी कसा जाणार, याचा विचार मागाहून झाला. ओलांडण्याची सोय नव्हती तेथे माणसे दुभाजकावरून उड्या मारून जात राहिली, आणि त्यांतली अनेक पलीकडे पोहोचली नाहीत.

नव्या गुडगावात रस्ता म्हणजे दोन भिंतींमधली उरलेली जागा. प्रत्येक गृहसंकुलाला उंच कुंपणभिंत, एक मोठे फाटक, फाटकावर गणवेशातले पहारेकरी आणि नोंदवही. आत बाग, पोहण्याचा तलाव, मुलांसाठी घसरगुंडी. बाहेरच्या बाजूस शेकडो मीटर सलग भिंत असते आणि तिला दार नाही, खिडकी नाही, दुकान नाही. संध्याकाळी सातनंतर त्या भिंतीच्या कडेने एकट्याने चालणे कोणालाही नकोसे वाटते. भिंत उभी राहिली ती सुरक्षिततेसाठीच. पण तिने सुरक्षितता आत घेतली आणि बाहेरच्या रस्त्याची होती नव्हती तीही काढून घेतली. अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूयॉर्कच्या गल्ल्यांविषयी हाच विचार मांडला होता. रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर टिकून असलेल्या डोळ्यांमुळे. दुकानदार, खिडकीतली गृहिणी आणि पायरीवरचा म्हातारा हे न नेमलेले पहारेकरी असतात. पुण्याच्या पेठेत किंवा गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे कळायला ग्रंथाची गरज पडली नसती. शहर मात्र ग्रंथ वाचूनही तसे बांधले गेले नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराने सारा देश हादरला. दिल्लीसह आसपासच्या शहरांत स्त्रियांनी उघडपणे विचारले की रात्री घरी परतण्याची वाट आमची आहे की नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, गुडगावात या प्रश्नाला दोन अगदी निराळी उत्तरे पुढे आली. दोन्ही उत्तरे सरकारी कार्यालयाबाहेर जन्मली, आणि दोहोंच्या मुळाशी एकच आग्रह होता. रस्ता कसा आहे हे त्यावरून चालणाऱ्याला विचारा.

पहिले उत्तर सेफ्टीपिन या मोबाइल ॲपचे. कल्पना विश्वनाथ आणि आशिष बसू यांनी ते उभे केले. कल्पना विश्वनाथ यांनी त्याआधी दिल्लीच्या ‘जागोरी’ या स्त्री-संघटनेत शहरातील स्त्रियांच्या सुरक्षिततेवर दीर्घकाळ काम केले होते. तेथे वापरली जाणारी ‘सुरक्षा पाहणी’ची पद्धत मूळची कॅनडातील टोरांटोची, १९८९ च्या सुमाराची. स्त्रियांनी गटाने संध्याकाळी एखाद्या रस्त्याने चालायचे आणि कोठे भीती वाटली, का वाटली, हे कागदावर लिहायचे, अशी ती साधी रीत. सेफ्टीपिनने तो कागद फोनमध्ये आणला. एखाद्या ठिकाणी उभे राहून नऊ बाबींना शून्य ते तीन गुण द्यायचे: उजेड, मोकळेपणा, आसपासच्या घरा-दुकानांतून ती जागा दिसते का, माणसांची वर्दळ, पोलीस वा पहारेकरी, चालण्याची वाट, सार्वजनिक वाहनाची जवळीक, तेथील माणसांत स्त्रिया व मुले किती, आणि शेवटची बाब म्हणजे त्या ठिकाणी मनाला काय वाटते.

या नऊ बाबींकडे जरा निरखून पाहण्याजोगे आहे. पहारेकरी ही नवांतली केवळ एक बाब. उरलेल्या आठांपैकी बहुतेक माणसांच्या असण्याविषयी आणि दिसण्याविषयी आहेत. गृहसंकुलाची भिंत या कोष्टकात हटकून नापास होते. तिच्या कडेने उजेड असेल, पहाराही असेल. पण आतल्या कोणालाही बाहेरचे दिसत नाही, वर्दळ नाही आणि बायकामुले तर नाहीतच. नववी बाब तर कोणत्याही अभियंत्याच्या मोजपट्टीत बसणारी नाही. ती विचारूनच कळते, आणि दोघांना विचारले तर दोन उत्तरे येऊ शकतात. म्हणून ती अशास्त्रीय ठरत नाही. रस्त्याने जावे की न जावे हा निर्णय माणूस अखेर त्याच बाबीवर घेत असतो.

दुसरे उत्तर अधिक गाजले. १७ नोव्हेंबर २०१३ च्या रविवारी सकाळी गॅलेरिया मार्केटच्या परिसरातील रस्ते काही तासांसाठी मोटारींना बंद करण्यात आले आणि तेथे लोकांना चालायला, धावायला, सायकल चालवायला, नाचायला बोलावण्यात आले. उपक्रमाचे नाव ‘राहगिरी’. राहगीर म्हणजे वाटसरू. त्याला ‘गिरी’ची जोड मिळताच दादागिरी, गांधीगिरी या ओळीत बसणारा शब्द झाला. मराठी कानाला त्यातली गंमत लगेच कळते: वाटसरूने रस्त्यावर आपला हक्क गाजवणे. अमित भट्ट आणि सारिका पांडा भट्ट ही या उपक्रमामागची प्रमुख नावे. एम्बार्क इंडिया, आय ॲम गुडगाव, पेडलयात्री अशा संस्था व सायकलस्वारांचे गट त्यात होते आणि प्रशासन व पोलिसांची साथ मिळाली होती. कल्पना कोलंबिया देशाच्या बोगोटा या राजधानीतून आलेली. तेथे १९७४ पासून रविवारी रस्ते मोटारींना बंद होतात आणि आज शंभर किलोमीटरहून अधिक रस्ते दर रविवारी लोकांच्या ताब्यात असतात.

गुडगावातील आय ॲम गुडगाव या गटाचा आणखी एक उद्योग येथे सांगण्यासारखा आहे, कारण त्याने रहिवाशांना एक सवय लावली होती. शहराच्या पूर्व कडेला दगडखाणींनी पोखरलेली अरवलीची टेकडी होती. २०१० पासून या गटाने महापालिका, कंपन्या आणि शाळकरी मुलांना हाताशी धरून तेथे स्थानिक जातीची झाडे लावायला सुरुवात केली. पुढे ते अरवली जैवविविधता उद्यान म्हणून ओळखले जाऊ लागले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये देशातील पहिले ‘ओईसीएम’ क्षेत्र, म्हणजे अभयारण्याबाहेरही निसर्गरक्षण होत असलेले क्षेत्र, म्हणून त्याची नोंद झाली. मुद्दा असा की ‘हे काम आपले नव्हे’ ही समजूत २०१३ पूर्वीच थोडी सैल झाली होती.

राहगिरीच्या पहिल्या काही रविवारी जे दिसले त्याचे वर्णन वृत्तपत्रांतून आवर्जून छापून आले. खडूने रस्त्यावर आखलेले लंगडीचे चौकोन, योगासने, झुंबा, ढोल, भाड्याच्या सायकली. पण खरी नवलाई वेगळी होती. एकाच वसाहतीत आठ-आठ वर्षे राहिलेल्या माणसांनी त्या वसाहतीसमोरचा रस्ता पहिल्यांदाच पायी चालून पाहिला. चालल्यावर प्रश्न सुचू लागले. पदपथ मध्येच का संपतो? झाडाभोवतीचा कठडा पदपथाच्या ऐन मध्यावर का? रोहित्राच्या पेटीला वळसा घालायचा तर वाहत्या रस्त्यावर उतरावेच लागते, मग बाळगाडी कशी न्यायची? मोटारीच्या काचेआडून यांतले काहीही दिसलेले नव्हते. सहभागी झालेल्यांच्या ज्या पाहण्या पुढे प्रसिद्ध झाल्या, त्यांत जवळच्या कामासाठी पायी किंवा सायकलीने जाऊ लागल्याचे अनेकांनी सांगितले. या आकड्यांकडे थोडे सावधपणे पाहिलेले बरे. रविवारी पहाटे उठून चालायला आलेल्यांनाच चालण्याविषयी विचारले, तर उत्तर काय येणार हे उघड आहे.

तरीही लोण पसरले. जुलै २०१४ मध्ये दिल्लीच्या कनॉट प्लेसमध्ये राहगिरी सुरू झाली, त्यानंतर भोपाळ आणि इतर शहरांत. मुंबईत नोव्हेंबर २०१४ पासून वांद्रे परिसरात ‘इक्वल स्ट्रीट्स’ नावाने तसाच उपक्रम सुरू झाला. २२ सप्टेंबर २०१५ रोजी गुडगावने मोटारमुक्त दिवस पाळला. रविवारची सुटी सोडून कामाच्या मंगळवारी, कचेऱ्या भरण्याच्या वेळी तो पाळण्यात आला. एका दिवसाने हवा बदलत नाही हे खरे. पण गुडगावसारख्या शहरात मोटारीशिवाय कामावर पोहोचता येते का, याची जाहीर परीक्षा त्या दिवशी झाली.

टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. मोटारमुक्त रस्त्यावर पोहोचण्यासाठी लोक मोटारीनेच येत आणि पलीकडच्या रस्त्यावर ओळीने त्या उभ्या करत. त्याहून बोचरा आक्षेप असा की गुडगावात सायकल चालवणारे आणि पायी चालणारे हजारो लोक आधीपासून होतेच. उद्योग विहारच्या कारखान्यांतले कामगार, रात्रपाळी संपवून निघालेले पहारेकरी, सकाळी सातला चार घरची कामे उरकायला फाटकातून आत जाणाऱ्या बाया. त्यांना रविवारी सुटी नव्हती आणि चालणे हा त्यांचा छंदही नव्हता. रस्त्याविषयी रहिवाशांचे मत घ्यायचे तर रहिवासी कोणाला म्हणायचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. ज्याचे नाव संघाच्या यादीत आहे तो दिवसातून दोनदा त्या रस्त्यावरून मोटारीने जातो. जिचे नाव यादीत नाही ती दिवसातून चारदा त्याच रस्त्याने चालते. खड्डा कोठे आहे हे तिला अधिक नेमके ठाऊक असते.

फेरीवाल्यांच्या बाबतीत हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो. रस्ता देखणा करायचा म्हटले की रहिवासी संघाच्या मागण्यांत हातगाड्या हटवण्याची मागणी हमखास वरच्या क्रमांकावर असते. आणि संध्याकाळी भिंतीच्या कडेला दिव्यासकट उभा असलेला एकमेव माणूस बहुधा भुट्टे भाजणारा, इस्त्रीवाला किंवा भाजीवालाच असतो. सेफ्टीपिनच्या कोष्टकात तो उजेडाचेही गुण मिळवून देतो आणि वर्दळीचेही. पदपथ अडवल्याचा दोषही त्याच्याच माथी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मराठी वाचकाला या पेचाची जुनी ओळख आहे. १९८१ मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हुसकावण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. त्याच निकालात पदपथ हा येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे, त्यावर कायमचा कब्जा करण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही सांगितले. ज्यांना यात विसंगती वाटते त्यांनी गर्दीच्या पदपथावरून एकदा भाजीची पिशवी घेऊन चालून पाहावे. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्रीय कायदा आला. त्याने प्रत्येक शहरात नगर विक्रेता समिती आणि त्या समितीत विक्रेत्यांना किमान ४० टक्के जागा ठरवून दिल्या. म्हणजे रस्ता कसा असावा या चर्चेत हातगाडीवाल्याला कायद्याने खुर्ची मिळाली.

२८ जुलै २०१६ ची संध्याकाळ गुरुग्रामचे रहिवासी विसरलेले नाहीत. मुसळधार पावसाने हिरो होंडा चौकाच्या परिसरात पाणी तुंबले आणि द्रुतगती मार्गासह निम्मे शहर रात्रभर वाहनांच्या रांगेत अडकले. कोणी मोटारीतच रात्र काढली, तर कोणी बूट हातात घेऊन अंधारातून, पाण्यातून घरची वाट धरली. जुने नाले आणि बंधारे बुजवून त्यांवर उभ्या राहिलेल्या शहराची लबाडी त्या रात्री पाण्याने उघड केली. रस्त्याच्या प्रश्नात तोवर दिवे, पदपथ आणि भिंती एवढेच विषय होते; आता त्यांत पाण्याचा निचराही आला.

२०१७ मध्ये शहरासाठी महानगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी हरियाणाने गुरुग्रामसह दहा जिल्ह्यांत ‘व्हिजन झिरो’ हा कार्यक्रम हाती घेतला. मूळ विचार स्वीडनचा. तेथील संसदेने १९९७ मध्ये तो स्वीकारला. माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशा रीतीने रस्ता बांधावा, असे हा विचार सांगतो. आपल्याकडे अपघाताच्या बातमीत चालकाचा निष्काळजीपणा किंवा पादचाऱ्याची घाई यांपैकी एक कारण लिहून प्रकरण मिटवले जाते. चौकाची आखणीच सदोष होती, वळण फार रुंद असल्याने गाड्या वेगाने वळत होत्या, ओलांडायला मध्ये थांबण्याची जागाच नव्हती, असे पंचनाम्यात क्वचितच येते. २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद. एवढी माणसे घाईतच होती असे मानणे कठीण आहे.

शाळांच्या संदर्भात नेदरलँड्सचे उदाहरण पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. सायकलींचा देश म्हणून आज ज्याचे कौतुक होते तो १९७० च्या सुमारास मोटारींच्या आहारी गेलेला होता. १९७१ या एका वर्षात तेथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबापांनी ‘बालहत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभारली, मुलांसह रस्त्यात ठाण मांडले आणि घरांपुढचे रस्ते अडवून तेथे खेळ मांडले. त्यानंतर घरांजवळच्या रस्त्यांवर वेग कमी करणारी वळणे, झाडे आणि खेळायला जागा येत गेल्या. गुडगावच्या राहगिरीत खडूने लंगडीचे चौकोन आखणाऱ्या मुलांना ही हकीकत ठाऊक नसेल, पण ती त्याच घराण्यातली.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक चर्चेत राहिला तो पुण्यात. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बसायला बाक आणि मुलांसाठी खेळणी ठेवण्यात आली. वाहने कोठे उभी करायची यावरून बरीच कुरबुर झाली. पण संध्याकाळी त्या बाकांवर जागा मिळेनाशी झाली तशी ती कमी होत गेली. लक्ष्मी रस्त्याची गोष्ट अधिक अवघड होती. ती बाजारपेठ, आणि दुकानापुढे गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही ही व्यापाऱ्याची धास्ती पिढीजात. ११ डिसेंबर २०२१ रोजी ‘पादचारी दिन’ म्हणून या रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला गेला, आणि पुढील वर्षांतही तो दिवस पाळला गेला. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत हाच रस्ता दरवर्षी वाहनांविना रात्रभर गजबजतो आणि त्या गर्दीवर आसपासची दुकाने व्यवसायही करतात, याची आठवण कोणी व्यापाऱ्यांना करून दिली की नाही कोण जाणे.

गुरुग्रामात मागे वळून पाहता बदल झाला आहे, पण तो तुकड्यातुकड्यांनी. काही रस्त्यांना सायकलींची वेगळी वाट मिळाली. तिच्यावर अनेक ठिकाणी मोटारी उभ्या राहतात. काही चौकांत ओलांडणे सोपे झाले, तर काही ठिकाणी वाहनांसाठी भुयारी मार्ग झाले आणि वरच्या बाजूस चालणाऱ्याचा वळसा लांबला. जुन्या सदर बाजारातून वाहने बाहेर काढावीत ही मागणी पुनःपुन्हा पुढे येत असते. गंमत अशी की नवे गुरुग्राम ज्या रस्त्याचे स्वप्न पाहते, खाली दुकाने, वर घरे, बसायला सावली आणि सतत माणसांची ये-जा, त्याचा सांगाडा जुन्या गावात आयता उभा आहे. तेथे गटार झाकायला हवे, तारा जमिनीखाली न्यायला हव्यात आणि दुचाक्या बाहेर ठेवायला हव्यात. भिंतींच्या शहरात दारे-खिडक्या पाडण्यापेक्षा हे काम खचित स्वस्त आहे.

पदपथाचे माप या देशात ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून अधिक नको. १.८ मीटर म्हणजे चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी जागा. उंची जास्त झाली की म्हातारी माणसे पदपथावर चढतच नाहीत, रस्त्यानेच चालतात. हे माप तपासायला अभियंता लागत नाही. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी आणि शिवणकामाची टेप पुरते, आणि चार पालकांनी एका संध्याकाळी शाळेच्या फाटकापासून दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पावले मोजली तर नकाशा तयार होतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना अडथळ्याविना वापरता येणारे पदपथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला, ते पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत असे स्पष्ट केले आणि त्याबाबत राज्यांना निर्देश दिले. वॉर्ड कार्यालयात तक्रारीचा अर्ज देताना रहिवाशांना आता मोजलेल्या नकाशाबरोबर या निकालाची प्रतही जोडता येते.